तुकड्यांतली झिप-रार फाइल: कशी जोडायची, कशी बनवायची आणि कुठे अडकते

लिंक उघडली आणि एका व्हिडिओच्या जागी तेरा फाइली दिसल्या, सगळ्यांचं नाव एकच आणि शेवटी ००१, ००२, ००३ असे नंबर, तर ती सगळी मिळून एकच फाइल आहे, तिचे तुकडे केलेत. एवढं डोक्यात बसलं की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. आमच्या परळ-लालबाग भागात विसर्जनानंतरच्या आठवड्यात हा घोळ हमखास होतो, मंडळाच्या मिरवणुकीचा व्हिडिओ सहा जीबीचा, इथल्या लोकांना हवा असतो, गणपतीला गावी गेलेल्यांना पण हवा असतो, मग कोणीतरी तुकडे करून गूगल ड्राइव्हवर टाकतो आणि कणकवलीहून काकांचा फोन येतो की अरे दुसरा उघडत नाय, तिसरा पण उघडत नाय, तू बरोबर टाकलंयस ना? काकांनी प्रत्येक तुकडा वेगळा उघडून बघितलेला असतो आणि त्यात त्यांचं काही चुकलेलं नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. पाठवणाऱ्याने दोन ओळी लिहिल्या असत्या तर काम झालं असतं. म्हणून हे एकदा सविस्तर लिहितोय, घेणाऱ्यांसाठी पण आणि पाठवणाऱ्यांसाठी पण.

आधी तुकडे होतात म्हणजे नक्की काय होतं ते बघू. एखादं लांबलचक पत्र कात्रीने ठरावीक मापावर कापत गेलं तर ओळ कुठे तुटली, शब्द कुठे तुटला याच्याशी कात्रीचा संबंध नसतो, तसंच इथे. सॉफ्टवेअर आधी सगळ्या फाइली एका आर्काइव्हमध्ये, म्हणजे झिप-रारसारख्या एका गाठोड्यात, भरतं आणि मग ५०० एमबी झाले की काप, परत ५०० झाले की काप, असं करत जातं. त्यामुळे तिसऱ्या तुकड्यात मिरवणुकीचा 'तिसरा भाग' नसतो, मधलेच बाइट्स असतात, त्यांना एकट्याने काही अर्थ नाही.

आता घेणाऱ्याचं काम. सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये उतरवायचे, एकही बाकी ठेवायचा नाही, आणि नावं अजिबात बदलायची नाहीत. मग उघडायचा फक्त एक. कुठला, ते नावावरून कळतं. शेवटी ७झेड.००१, ७झेड.००२ (7z.001, 7z.002) असं असेल तर ००१ वर राइट क्लिक करून सेव्हन-झिप नावाच्या सॉफ्टवेअरमधून एक्स्ट्रॅक्ट करायचं, म्हणजे आतली फाइल बाहेर काढायची. पार्ट०१.रार, पार्ट०२.रार असं असेल तर पार्ट०१. जुन्या पद्धतीची रार असेल, म्हणजे एक साधी .रार आणि मग .आर००, .आर०१ अशी रांग, तर .रार वालीच पहिली असते, आर०० दुसरी. आणि झिपमध्ये बरोबर उलटं आहे, .झेड०१, .झेड०२ हे आधीचे तुकडे आणि .झिप नावाचा तुकडा सगळ्यात शेवटचा, पण उघडायचा तोच, कारण झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते आणि कुठली फाइल कुठल्या तुकड्यात आहे ते तिथेच लिहिलेलं असतं. बाकीचे तुकडे सॉफ्टवेअर आपोआप शोधून घेतं, आपण हात लावायचा नाही. विंडोजचं स्वतःचं एक्स्ट्रॅक्ट ऑल आहे ते तुकड्यांच्या झिपवर चालत नाही, त्यासाठी सेव्हन-झिप किंवा विनरारसारखं सॉफ्टवेअर लागतंच. अँड्रॉइड फोनवर झेडआर्काइव्हर हे काम करतं, मॅकवर केका आहे.

जागा बघून घ्या. सहा जीबीचे तुकडे उतरवले आणि त्यातून सहा जीबीचा व्हिडिओ बाहेर आला म्हणजे निदान बारा जीबी मोकळे हवेत, आणि फोनवर हे बहुतेक वेळा नसतात, अर्ध्यावर येऊन थांबतं आणि माणसाला वाटतं फाइल खराब आहे.

नावाचा भाग जरा निवांत वाचा, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. तोच तुकडा दोनदा डाउनलोड झाला की ब्राउझर नावात कंसातला १ घालतो, आता सॉफ्टवेअर शोधतंय मिरवणूक.७झेड.००४ आणि फोल्डरमध्ये आहे कंसातल्या १ वाली, आणि कदाचित पहिली अर्धवट उतरलेली ००४ पण तिथेच पडलीय, म्हणजे सॉफ्टवेअर नेमकी अर्धवटवाली उचलणार. काही अॅप्स फाइल सेव्ह करताना मागे एखादं एक्स्टेन्शन, म्हणजे नावातला टिंबानंतरचा भाग, स्वतःहून चिकटवतात. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन लपवलेलं असतं त्यामुळे हे दिसतच नाही, म्हणून एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा, कायमचंच चालू ठेवा, त्याने इतर ठिकाणी पण फायदा होतो, बिल.पीडीएफ म्हणून आलेली फाइल खरंतर बिल.पीडीएफ.ईएक्सई आहे हे डोळ्याला दिसतं.

दुसरी तपासणी साइजची, ही तर इतकी सोपी आहे की प्रत्येकाने करावी. शेवटचा सोडून सगळे तुकडे बाइटपर्यंत सारख्या साइजचे असतात. आपला सहा जीबीचा व्हिडिओ घ्या, म्हणजे ६१४४ एमबी, त्याचे ५०० एमबीचे तुकडे केले तर बारा पूर्ण तुकडे आणि तेरावा साधारण १४४ एमबीचा. फोल्डर डिटेल्स व्ह्यूमध्ये लावा, साइजवर क्लिक करून क्रम लावा, शेवटच्याशिवाय दुसरा कुठलाही तुकडा लहान दिसला की तो अर्धवट उतरलाय, फक्त तेवढाच परत उतरवा. राइट क्लिक, प्रॉपर्टीज करून बाइट्सचा आकडा बघितला तर ५०० एमबीच्या तुकड्याला ५२,४२,८८,००० दिसायला हवं, एकानेही कमी असेल तर तो तुकडा बाद. तुकडे करण्याचा आजच्या काळातला खरा फायदा हाच आहे. गावाकडे नेटवर्क येतं-जातं, सहा जीबीचं एक डाउनलोड साडेपाच जीबीवर तुटलं तर पुष्कळदा सगळं पहिल्यापासून, आणि तुकड्यांत असेल तर फक्त तो एक ५०० एमबीचा परत.

साइज बरोबर आहे, नाव बरोबर आहे आणि तरी सीआरसी फेल्ड किंवा डेटा एरर असं येतंय? मग आतले बाइट्स कुठेतरी बदललेत. आर्काइव्ह बनवताना प्रत्येक फाइलचा एक तपासणी-आकडा काढून आत ठेवलेला असतो, त्यालाच सीआरसी म्हणतात, बाहेर काढताना सॉफ्टवेअर तो आकडा परत काढतं आणि जुळला नाही की ओरडतं. पण नेमका कुठला तुकडा बिघडला ते दर वेळी त्यावरून कळत नाही. त्यासाठी पाठवणाऱ्याने प्रत्येक तुकड्याचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे असाच पण पूर्ण तुकड्याचा तपासणी-आकडा, दिलेला असेल तर दोन मिनिटांत सापडतो, सेव्हन-झिप इन्स्टॉल असेल तर राइट क्लिकच्या मेनूतच सीआरसी एसएचए म्हणून पर्याय असतो, त्यातून आकडा काढायचा आणि जुळवायचा. एक बिट जरी बदलला तरी तो आकडा पूर्ण वेगळा येतो, त्यामुळे सुरुवातीची आणि शेवटची पाच-सहा अक्षरं जुळली तरी चुकून झालेला बिघाड पकडायला तेवढं पुरतं.

अनएक्स्पेक्टेड एंड असा एरर आला तर जवळपास नेहमी एकच कारण, कुठलातरी तुकडा नाहीये किंवा अपुरा आहे. विनरार यात चांगलं वागतं, पुढचा अमुक तुकडा द्या म्हणून नावानिशी सांगतं. सेव्हन-झिप फॉरमॅटमध्ये तसं नसतं आणि त्याचं कारण फॉरमॅटमध्येच आहे, ७झेड फाइलीच्या सुरुवातीला ३२ बाइट्सचा छोटा हेडर, म्हणजे माहितीचा मथळा, असतो, तो फक्त सांगतो की आतल्या फाइलींची यादी शेवटी अमुक जागी आहे. आता शेवटचा तुकडा नसेल तर यादीच नाही, मधला नसेल तर मोजमाप चुकतं आणि यादीपर्यंत पोचताच येत नाही. म्हणून तेरापैकी बारा तुकडे हातात असूनसुद्धा आत काय आहे हे पण दिसत नाही, लोकांना हे पटत नाही पण तसंच आहे. रारमध्ये प्रत्येक तुकड्याला स्वतःचा हेडर असतो, त्यामुळे आत शंभर फोटो असतील आणि पाचवा तुकडा हरवला असेल तर बाकीच्या तुकड्यांत पूर्ण बसलेले फोटो वाचवता येतात, अट एकच, आर्काइव्ह सॉलिड नसावं. सॉलिड म्हणजे सगळ्या फाइली एकामागोमाग एक सलग दाबलेल्या, पुढची फाइल मागच्या फाइलीतल्या मजकुराचा आधार घेऊन लहान केलेली, जागा चांगली वाचते पण मधला दुवा तुटला की पुढचं सगळं गेलं.

याच फरकामुळे अजून एक गोष्ट. ७झेडचे ००१, ००२ वाले तुकडे म्हणजे निव्वळ कापलेले बाइट्स, त्यात जास्तीचं काही घातलेलं नसतं, त्यामुळे कुठलंही सॉफ्टवेअर नसताना पण ते जोडता येतात, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर कॉपी कमांडला बायनरीचा स्लॅश-बी लावून फाइलींची नावं अधिक चिन्हाने ओळीने जोडत जायचं, लिनक्स-मॅकवर कॅट कमांड. क्रम चुकता कामा नये एवढंच. हे रारच्या तुकड्यांना करायला जाऊ नका, त्यांच्यात मधेमधे हेडर असतात, नुसते चिकटवले तर धड फाइल तयार होत नाही. झिपच्या झेड०१ वाल्यांना पण नको.

आता पाठवणाऱ्याकडे येतो, आणि माझा पहिला सल्ला असा की खरंच तुकडे करायची गरज आहे का ते बघा. सगळ्यात कॉमन केस पेनड्राइव्हची. लॅमिंग्टन रोडवरून ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आणला, पूर्ण रिकामा, आणि सहा जीबीचा व्हिडिओ टाकायला गेलं की फाइल टू लार्ज. दुकानदाराने फसवलेलं नाही. पेनड्राइव्ह एफएटी३२ नावाच्या फाइली ठेवायच्या पद्धतीत फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत फाइलची साइज लिहायला ३२ बिटांचीच जागा आहे, त्यामुळे एका फाइलची मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ बाइट्स, म्हणजे चार जीबीला एक बाइट कमी, पुढे जाताच येत नाही. इथे तुकडे करत बसण्यापेक्षा पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आतलं सगळं पुसलं जाईल म्हणून आधी बाहेर काढून ठेवा, आणि फाइल आहे तशी टाका. मायक्रोसॉफ्टने एक्सफॅट २००६ मध्ये आणलं, आजचे कॉम्प्युटर आणि मॅक ते सरळ वाचतात. आणि पेनड्राइव्ह टीव्हीला लावून बघायचा असेल तर आर्काइव्हचे तुकडे मुळीच कामाचे नाहीत, टीव्ही ते जोडणार नाही, तिथे व्हिडिओच एडिटिंगमध्ये दोन भागांत कापून द्यावा लागतो म्हणजे दोन्ही भाग वेगवेगळे चालतात.

दुसरं, तुकडे केल्याने जागा वाचत नाही. एमपी४ व्हिडिओ, जेपीजी फोटो, एमपी३ गाणी हे आधीच दाबलेले असतात, त्यांच्यावर अल्ट्रा कॉम्प्रेशन लावून कॉम्प्युटर तासभर घरघरत ठेवला तरी हाती जवळपास काही येत नाही. वर्डची डॉकएक्स फाइलसुद्धा आतून झिपच असते. साधा टेक्स्ट, डब्ल्यूएव्ही ऑडिओ, न दाबलेले स्कॅन असतील तर मात्र चांगला फरक पडतो, तिथे कॉम्प्रेशन जरूर लावा.

बनवायचं कसं, तर सेव्हन-झिपमध्ये फाइलवर राइट क्लिक, ॲड टू आर्काइव्ह, फॉरमॅट ७झेड, व्हिडिओ असेल तर कॉम्प्रेशन लेव्हल स्टोअर ठेवा म्हणजे नुसतं भरेल, दाबायला बघणार नाही, आणि खाली स्प्लिट टू व्हॉल्यूम्स असा चौकोन आहे तिथे ५००एम लिहायचं, एम म्हणजे एमबी, ते अक्षर विसरलात तर तो आकडा बाइट्स म्हणून धरला जातो. त्या चौकोनात ६५०, ७०० सीडीसाठी, ४४८० डीव्हीडीसाठी असे तयार आकडे पण दिसतील, त्या काळातून आलेत. त्याच्याही आधी १.४४ एमबीच्या फ्लॉपी होत्या, एकेका फ्लॉपीवर एक तुकडा टाकून बॉक्सभर फ्लॉपी घेऊन माणसं ऑफिसातून घरी यायची, तुकड्यांची ही सगळी पद्धत तिथूनच आलीय, झिप १९८९ ची आणि रार १९९३ ची.

तुकडा केवढा ठेवायचा ते कुठून पाठवताय त्यावर. ड्राइव्हवरून गावी पाठवायचं असेल तर ५०० ठीक, नेटवर्क फारच वाईट असेल तर २००. व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून दोन जीबीपर्यंत जातं, तिथे १९०० एमबी ठेवा. जीमेलची मर्यादा २५ एमबीची आहे पण मेलमध्ये जोडलेली फाइल प्रवासात साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे १८ च्या वर जाऊ नका, आणि सहा जीबी मेलने पाठवायच्या भानगडीत तर पडूच नका, साडेतीनशेच्या आसपास मेल होतील. खूप लहान तुकडे करू नये, तुकडा जेवढा लहान तेवढे ते जास्त आणि तेवढी एक राहून जायची शक्यता जास्त.

नावं इंग्रजी अक्षरांत, स्पेस न देता ठेवा. आतल्या फाइलींची नावं मराठीत असतील, 'आरती पहिला दिवस' वगैरे, तर झिपपेक्षा ७झेड किंवा रार घ्या, जुन्या झिप सॉफ्टवेअरना नाव कुठल्या लिपीत लिहिलंय हे कळत नाही आणि उघडल्यावर देवनागरीच्या जागी चौकटी आणि प्रश्नचिन्हं दिसतात, झिपच्या नियमांत युनिकोड नावांची सोय २००६ मध्ये आली पण सगळी सॉफ्टवेअर ती पाळत नाहीत.

सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटची कागदपत्रं, सभासदांचे आधार, पॅन असं काही पाठवत असाल तर पासवर्डशिवाय पाठवू नका, हे मी कळकळीने सांगतो, दुसऱ्याचे कागद आहेत ते. एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डने कुलूप लावायची पद्धत, एईएस-२५६ घ्या, झिप फॉरमॅट निवडला असेल तर तिथे झिपक्रिप्टो पण दिसतं, ते जुनं आणि कमजोर आहे. ७झेडमध्ये एन्क्रिप्ट फाइल नेम्सवर टिक करा, नाहीतर पासवर्ड नसला तरी आतल्या फाइलींची नावं दिसतात आणि फाइलच्या नावातच सभासदाचं नाव असतं. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहायचा नाही, फोन करून सांगायचा.

अजून एक, विनरार आपोआप अपडेट होत नाही. २०२३ मध्ये त्यात एक मोठं भगदाड सापडलं होतं, साधा फोटो किंवा कागद उघडतोय असं वाटून आतला घातक प्रोग्रॅम चालायचा, ते ६.२३ मध्ये बुजवलं, २०२५ मध्ये अजून एक सापडलं ते ७.१३ मध्ये. कित्येक सायबर कॅफेत आणि झेरॉक्सच्या दुकानांत वर्षानुवर्षं तेच व्हर्जन पडून असतं. हेल्पमध्ये जाऊन व्हर्जन बघा आणि जुनं असेल तर आजच नवीन टाका.

पाठवायच्या आधी पहिल्या तुकड्यावर राइट क्लिक करून टेस्ट आर्काइव्ह चालवा, एरर नाही असं आलं तरच अपलोड करा. सोबत साध्या मराठीत दोन ओळी पाठवा, एकूण तुकडे किती, शेवटचा किती एमबीचा, सगळे एका फोल्डरमध्ये ठेवून फक्त ००१ उघडा. काकांचा फोन येणार नाही.

आणि कृपा करून जपून ठेवायची वस्तू तुकड्यांत ठेवू नका. मंडळाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेली रेकॉर्डिंग असतात, त्यात आज नसलेली माणसं दिसतात, ती परत मिळणार नाहीत. पूर्ण फाइलीला एका जागी बिघाड झाला तर बहुतेक वेळा काही सेकंदांचं चित्र फाटतं आणि बाकीचा व्हिडिओ चालतो, पण तुकड्यांच्या ७झेडमधला एक तुकडा हरवला की सगळंच बंद. तुकड्यांतच ठेवणं भाग असेल, म्हणजे डीव्हीडीवर वगैरे, तर विनरारमध्ये बनवा आणि रिकव्हरी व्हॉल्यूम्स जोडा, .रेव्ह नावाच्या जास्तीच्या फाइली तयार होतात आणि एक रेव्ह फाइल हरवलेला कुठलाही एक तुकडा परत उभा करू शकते, दोन असतील तर कुठलेही दोन. विनरार नको असेल तर मल्टीपार नावाचं फुकट सॉफ्टवेअर पार२ फाइली बनवतं, तत्त्व तेच. रेव्ह फाइली त्याच डिस्कवर न ठेवता दुसरीकडे ठेवा. आणि ज्यांना पाठवलं त्या सगळ्यांकडून व्हिडिओ चालला असा निरोप आला की ड्राइव्हवरचे तुकडे काढून टाका, जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून फुकटचे १५ जीबीच मिळतात, त्यातले सहा उगाच अडकून राहतात.